टामियाची १/२४ टोयोटा जीआर ८६: एका डेंटिंग-पेंटिंगवाल्याच्या नजरेतून

टामिया या जपानी कंपनीच्या जीआर ८६ किटमध्ये, म्हणजे प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायच्या, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याएवढ्या (१/२४) मॉडेलमध्ये, इंजिन येत नाही. बोनट बॉडीतच ओतलेलं आहे, कडेनं फक्त बारीक रेघ कोरलेली. माझ्या भाच्यानं खोका उघडल्याबरोबर विचारलं, "मामा, इंजिन पॅकिंगमधीच राहिलं का याचं?" मोठी माणसंही हेच विचारतात आणि वर म्हणतात, एवढे पैसे देऊन अर्धवट गाडी कशाला घ्यायची? त्यांच्यासाठीच हे सविस्तर लिहून राहिलो.

मी नागपुरात डेंटिंग-पेंटिंगचं काम करतो. इंजिनाचं काम शेजारचा मेकॅनिक पाहतो, माझ्याकडे येते ती बॉडी: ठोकलेला फेंडर (चाकावरचा पत्रा), दबलेलं दार, उन्हानं उडालेला क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर). त्यामुळे हे किट मी बॉडीवाल्याच्या नजरेनं पाहिलं आणि त्या नजरेला ते पूर्ण वाटलं. इतकंच काय, बोनट बंद आहे म्हणूनच ते चांगलं झालं असं माझं मत आहे. कारण सांगतो.

आधी जाडीचं पाहू. आजकालच्या गाडीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो. त्याला २४ नं भागलं तर ०.०३ मिलिमीटर येतं. एवढ्या पातळ प्लास्टिकची बॉडी कोणी ओतू शकत नाही, आणि ओतली तरी हातात टिकणार नाही. किटची बॉडी साधारण एक मिलिमीटर जाड असते. खऱ्या गाडीच्या मापात तो २४ मिलिमीटरचा, म्हणजे जवळपास इंचभर जाडीचा पत्रा झाला. बोनट बंद असेपर्यंत ही जाडी कोणाला दिसत नाही. उघडलं की पहिली नजर त्या जाड कडेवर जाते, आणि मग आत कितीही सुंदर इंजिन असू द्या, पत्र्याची गाडी पाहिल्यासारखं वाटत नाही.

दुसरी गोष्ट गॅपची. बोनट आणि फेंडरमधली गॅप खऱ्या गाडीत तीन-चार मिलिमीटर असते. कामाला आलेली गाडी परत नेताना जाणकार ग्राहक आधी हीच रेघ पाहतो, दोन्ही बाजूंनी बोट फिरवतो. १/२४ मध्ये ही गॅप ०.१२ ते ०.१७ मिलिमीटर व्हायला हवी. वेगळं ओतलेलं बोनट प्लास्टिक थंड होताना जरा जरी मुरगळलं तरी एका कोपऱ्यात गॅप फाकते आणि दुसऱ्या कोपऱ्यात चिकटते. त्यावर पेंटचे थर चढले की ते बसतच नाही, घासत बसावं लागतं. जीआर ८६ मध्ये ही भानगड उरत नाही. रेघ सरळ आहे, दोन्ही बाजूंना सारखी आहे, आणि बोनटच्या टोकापासून काचेपर्यंतचा चढ कुठेही तुटत नाही.

ही गाडी आपल्या रस्त्यावर दिसत नाही, म्हणून थोडी ओळख. टोयोटा आणि सुबारूनं मिळून केलेली, २०२१ मध्ये आलेली दोन दारांची कूपे, पुढं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं आडवं बॉक्सर इंजिन. सुबारूच्या नावानं हीच गाडी बीआरझेड म्हणून विकली जाते. मला रस आहे तो तिच्या अंगात. बोनट, पुढचे फेंडर आणि छत ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियमचं डेंटिंग ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे की लोखंडी पत्रा हातोडीला जसा साथ देतो तसा तो देत नाही. ताणला की ताणलेलाच राहतो. फेंडरवर चाकामागं हवा बाहेर पडायची खाच आहे, तिथून खालची कड दाराखालून मागं जाताना वर उचलली आहे, आणि डिकीचं टोक बदकाच्या शेपटासारखं वर वळलं आहे. या तीन जागा जमल्या तर गाडी जमली.

टामियानं त्या जमवल्या आहेत. डिकीच्या वळणाखाली सावली पडते, तशीच खऱ्या गाडीच्या फोटोंत पडलेली दिसते. मी फोटो शेजारी ठेवून बॉडी ट्यूबलाइटखाली फिरवत पाहिली. आमच्या कामात डेंट शोधायची हीच रीत आहे: लाइटचं प्रतिबिंब अंगावरून सरकवायचं आणि ते कुठं थबकतं ते पाहायचं. दारावर ते कुठंच थबकलं नाही. मापाचंही पाहिलं. खरी गाडी ४२६५ मिलिमीटर लांब, १७७५ रुंद, १३१० उंच. भागिले २४ केलं की १७७.७, ७४ आणि ५४.६. व्हर्नियर (बारीक मापाची पट्टी) लावला तर जो काही फरक येतो तो नजरेला येत नाही. १८ इंची रिमवर २१५/४० चा टायर म्हणजे व्यास ६२९ मिलिमीटर, किटमध्ये २६ च्या किंचित वर. टायर आणि फेंडरमधली मोकळी जागा मापात असली की गाडी जमिनीवर वजन टाकून उभी राहते. बिनइंजिनच्या मॉडेलात हे उभं राहणंच सगळ्यात आधी डोळ्यात भरतं, आणि इथं ते बरोबर आहे.

खालच्या बाजूलाही टामियानं हात आखडता घेतलेला नाही. उलटी केली की गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, मागचं सस्पेन्शन सगळं दिसतं. आतला डॅशबोर्ड आणि सीट पूर्ण खोलीचे आहेत. काचांच्या कडेची काळी पट्टी रंगवायला मास्किंगचे कागद खोक्यातच येतात, टोयोटाचं चिन्ह आणि अक्षरं धातूच्या चकचकीत स्टिकरची असतात. खऱ्या विंडशील्डची ती काळी पट्टी चिकटवायचा गोंद झाकते आणि उन्हापासून वाचवते. मॉडेलवर ती सरळ निघाली नाही तर पूर्ण गाडी खेळण्यासारखी दिसते, म्हणून मास्क कापायला नवं ब्लेडच लावा.

इंजिन नसलेली किट स्वस्तातली काटछाट म्हणून आली असा एक समज आहे. तो अर्धाच खरा. अमेरिकेत एएमटी या मॉडेल कंपनीची १९५८ ची किट इंजिनाशिवायच होती. शोरूमवाले ग्राहकाला दाखवायला किंवा भेट द्यायला जी प्रमोशनल मॉडेलं ठेवत, त्यांच्याच साच्यांतून ही निघाली, आणि त्या मॉडेलांचं काम नव्या गाडीचा आकार आणि रंग दाखवणं एवढंच होतं. तिकडचे लोक अशा किटांना कर्बसाइड म्हणतात, म्हणजे फुटपाथला लागून उभी असलेली गाडी जेवढी दिसते तेवढीच. जपानमध्ये कारण वेगळं होतं. तिथं बराच काळ गाड्यांच्या किटमध्ये छोटी मोटर आणि सेल बसवायची सोय असे, पोरं ती गाडी जमिनीवर पळवत. इंजिनाची आणि सीटखालची जागा सेलच्या डब्यानं घेतली. पुढं मोटर गेली, पण साचे महाग असतात, ते कोणी फेकत नाही. टामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा या चारही कंपन्या शिझुओका प्रांतातल्या, त्यामुळे एकाची रीत दुसऱ्यानं उचलायला वेळ लागला नसावा.

हा इतिहास खरेदीच्या वेळी कामात पडतो. असंच जुन्या साच्याचं एक किट मी घेतलं होतं, कंपनीचं नाव इथं लिहीत नाही. खोका नवा, चित्र नवं, आतली गाडी सेलच्या जमान्यातली. सीट अर्ध्या उंचीच्या, कारण खालचा तळ वर उचललेला. चाकं लोखंडी सळीवर, तीही फेंडरच्या आत इतकी गेलेली की गाडी आजारी दिसते. बॉडी मात्र सुंदर होती, याचंच जास्त वाईट वाटलं. त्यामुळे मागवण्याआधी सुट्या भागांचा फोटो शोधून पाहा. चेसिसच्या मधोमध चौकोनी खोकं उठलेलं असेल आणि ॲक्सल म्हणून सरळ सळी असेल, तर ते मोटरच्या काळातलं आहे असं समजा. इंजिन नसणं आणि साचा जुना असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीला माझी हरकत नाही, दुसरीला आहे.

आता पेंट. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण इंजिनावर जाणारा वेळ वाचतो तो सगळा इथं घालता येतो.

खऱ्या गाडीवर फॅक्टरीचा पेंट १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. तेवढाच थर मॉडेलवर दिला तर मापात तो अडीच ते साडेतीन मिलिमीटरचा लेप होतो. रेघा भरून जातात, खाचा बुजतात. म्हणून रंग लावायच्या आधीच सगळ्या पॅनल लाइन ब्लेडच्या उलट्या बाजूनं एकदा हलक्या हातानं ओढून थोड्या खोल करा. मग थर पातळ ठेवा, इतके पातळ की पहिल्या थरातून खालचं दिसलं पाहिजे.

गॅरेजचं सामान घरी आहे म्हणून सरळ तेच मारू नका. एनसी थिनर (गाडीचा लॅकर रंग पातळ करायचा) किटचं स्टायरिन प्लास्टिक विरघळवतो. बॉडीवर आधी तडे दिसतात, मग खड्डे. आधी मॉडेलसाठीचा प्राइमर हवा, तोही शिंपडल्यासारखा, दोन थरांमध्ये थोडा वेळ सोडून. तो पूर्ण सुकल्यावर वरचा रंग मारायचा. कारच्या मेटॅलिकचा मोह टाळा. त्यातला ३० मायक्रॉनचा चमकीचा कण २४ पटीनं पाऊण मिलिमीटरचा दिसतो, गाडीवर चमकीची वाळू टाकल्यासारखी होते. मी साधा लाल घेतला, सॉलिड. वर टूके, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, क्लिअर मारला. तो चमकतो तसा दुसरा कुठलाच चमकत नाही, पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि ते फुप्फुसावर जातं. कागदी मास्क त्याला पुरत नाही, कार्बन काडतुसाचाही खात्रीचा नाही, बाहेरून ताजी हवा पुरवणारा मास्क हवा. घरात, पोरांच्या आसपास तो अजिबात उघडू नका. ज्यांच्याकडे ही सोय नाही त्यांनी मॉडेलचाच क्लिअर वापरावा, काही बिघडत नाही.

क्लिअर नीट वाळू द्या, घाई करू नका. मग ऑरेंज पील, म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, काढायला २००० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब टाकून. कडांवर आणि बोनटच्या उठलेल्या रेघांवर आधी टेप लावा, कारण पेंट नेहमी कडेवरच पहिले उडतो, खऱ्या गाडीतही आणि इथंही. शेवटी कंपाउंड (चमक आणायची पेस्ट), सुती कापडानं, हातानंच. बफिंग मशीन याला लावायची नाही.

नागपूरच्या हवेचं वेगळं सांगावं लागेल. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापत्या दिवसांत, इथं पारा ४५ च्या पुढं जातो. अशा दुपारी स्प्रे मारला तर थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धा सुकतो आणि खरखरीत थर बसतो. मग माणूस म्हणतो, कूलर लावून मारू. तो मोह आवरा. कूलरची हवा ओली असते, आणि सुकणाऱ्या लॅकरवर ओलावा बसला की पेंट पांढुरका पडतो. पावसाळ्यात ऑगस्टभर हेच. आमच्याकडे या कामाचे खरे दिवस दिवाळी ते होळी, सकाळचे, धूळ उठायच्या आधी. उन्हाळ्यात आतलं काम करा: डॅशबोर्ड, सीट, रिम, ब्रशनं रंगवायच्या गोष्टी. डीकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रं) मात्र कूलरसमोर छान बसतात, लवकर वाळत नसल्यानं सरकवायला वेळ मिळतो. आणि तयार मॉडेल बंद गाडीत उन्हात ठेवू नका, पातळ भाग वाकतात.

जोडणीवर थोडक्यात. प्लास्टिक जोडायचा पातळ गोंद (त्याला सिमेंट म्हणतात) सांध्याला टेकवला की आपोआप आत ओढला जातो, ब्रश फिरवायची गरज नाही. काचांना फेवीक्विकसारखा इन्स्टंट गोंद लावू नका, त्याच्या वाफेनं काच धुरकट होते. साधा पांढरा फेविकॉल पुरतो, सांडला तर ओल्या बोळ्यानं पुसता येतो. जुन्या किटमधले मऊ विनाइलचे टायर वर्षानुवर्षं प्लास्टिकला टेकून राहिले तर ते प्लास्टिक खातात, गरमीत जास्तच. टेकणाऱ्या जागेवर रंगाचा थर असू द्या.

भाच्याला हे सगळं झेपणार नाही, म्हणून त्याच्यासाठी आओशिमाच्या स्नॅप किट मालिकेतली सुझुकी जिम्नी घेतली, १/३२ ची, पिवळी. यातही इंजिन नाही. गोंद नको, पेंट नको. भाग बॉडीच्या रंगातच ओतलेले येतात, दाबून बसवायचे, बारीक कामाला स्टिकर. त्यानं जोडता जोडता विचारलं, "मामा, हिले मागची दारं काऊन नाहीत? आपल्या कॉलनीत उभी राहते तिले तर हायेत." पोरानं बरोबर पकडलं. आपल्याकडे २०२३ पासून मारुतीची जिम्नी मिळते ती पाच दारांची, ३९८५ मिलिमीटर लांब. किटमधली जपानची तीन दारांची आहे. तिथं केई या छोट्या गाड्यांच्या वर्गाला ३.४ मीटर लांबी आणि ६६० सीसीची मर्यादा आहे, त्यात बसायला ती ३३९५ मिलिमीटरवर थांबते. १/३२ मध्ये हे साडेदहा सेंटिमीटर होतं, पोराच्या तळहातावर मावतं. त्यानं शाळेतून आल्यावर एका बैठकीत ती उभी केली आणि आईला दाखवायला पळाला.

बिनइंजिनच्या किटचा हा गुण मला फार मोलाचा वाटतो. शंभराच्या वर भाग असलेलं किट पोरगं सुरू करतं, इंजिनाच्या वायरिंगपाशी अडकतं, आणि खोका पलंगाखाली जातो. स्नॅप किट पूर्ण होतं. आणि पूर्ण झालेल्या गाडीनंतरच दुसरी मागितली जाते. आता त्याला माझ्या लाल जीआर ८६ सारखी चमक जिम्नीवर हवी आहे. मी त्याला कंपाउंड दिलं, पेंट दिला नाही. पिवळं प्लास्टिक नुसतं घासूनही बरंच उजळतं.

मिळतं कुठं? बर्डी, धरमपेठ, सदर सगळीकडे खेळण्यांची दुकानं पाहिली. तयार डायकास्ट (धातूच्या) गाड्या मिळाल्या, स्टायरिनची किट मला मिळाली नाही. शेवटी बाहेरगावच्या हॉबी दुकानातून ऑनलाइनच मागवावं लागलं. जीआर ८६ मला चार हजारांच्या आतबाहेर पडली, जिम्नी तिच्या निम्म्याहून कमी. दर डॉलर-येनच्या हिशोबानं हलतात, दोन-तीन ठिकाणी पाहून घ्या. स्प्रे आणि थिनर ज्वलनशील असल्यानं विमानानं येत नाहीत, रस्त्यानं येतात, त्यामुळे ते किटच्या आधीच मागवून ठेवा. माझा खोका कुरिअरवाल्यांनी एका कोपऱ्यातून दाबलेला आला होता. आत बॉडी वेगळ्या पिशवीत होती म्हणून वाचली. खोका उघडताना व्हिडिओ काढा, काचेचा भाग सगळ्यात आधी तपासा, कारण तडा गेलेल्या काचेवर कुठलाच इलाज नाही.

ज्याला इंजिनातच जीव आहे त्यानं जीआर ८६ घेऊ नये, तो नाराज होईल. त्याच्यासाठी टामियाचीच १/२४ एन्झो फेरारी किंवा लाफेरारी आहे. त्यांत व्ही १२ इंजिन येतं, आणि ते मागच्या काचेखाली असल्यानं दाखवायला तसं कारणही आहे. पैसे, भाग आणि वेळ, तिन्ही जास्त लागतील.

पेंटिंग शिकणाऱ्या पोरांना, मग ती गॅरेजमधली असोत की आयटीआयमधली, मी सरळ जीआर ८६ सुचवीन. दबलेल्या दारावर हात बसायला ग्राहकाची गाडी लागते आणि ती कोणी शिकाऊ पोराच्या हातात देत नाही. इथं चार हजारांत पूर्ण बॉडी मिळते: प्राइमर, कलर, क्लिअर, पेपर, कंपाउंड, सगळं एका हातात. माझ्याकडच्या नव्या पोराला मी पुढचं किट हेच देणार आहे, रंग त्यानं निवडायचा, फक्त मेटॅलिक सोडून.